हाळी भरलेला तवा

“तवा बंद करा, मेंढरं हॉटेलात घुसायलीत!” सेलूच्या बाजारात हॉटेलमालक बोंबलत होता. फोनोवर बोरीच्या ढोलपार्टीचा पहिलाच तवा, म्हणजे गाण्याची तबकडी, लागला होता आणि पार्टीतला धनगर ढोलवाला दारात उभा होता. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. रंगात आला की तो डोळे मिटून मेंढरांना घालतात तशी हाळी घालायचा. तवा भरताना मुंबईच्या तवा-कंपनीचे साहेब म्हणे म्हणाले, “हाळी गाळा.” हा गडी ढोल उचलून निघाला, “हाळी न्हाई, तर ढोल बी न्हाई.” शेवटी हाळी तव्यात भरली. तीच ऐकून अख्ख्या बाजारातली मेंढरं धावून आली, मागून माणसं! एका मेंढ्यानं माझा चहा संपवला. शेजारच्या दुकानातले तवे हातोहात गेले. मी त्याला मिठीच मारली, “मामा, सेलू जिंकलंत! कसं वाटायलंय?”

त्यानं मेंढरांवर नजर फिरवली. “ह्यात आमचं एक बी न्हाई.”