अंगावर दूध यावं म्हणून

शतावरी कडूजहर असते असं कुणी सांगितलं, तर त्यानं ती कधी प्यायलेली नाही एवढं समजावं. ती गोडसर असते, बुळबुळीत असते, मागाहून जराशी कडवट लागते, आणि दुधात उकळली की घशातून खाली उतरायचं नाव घेत नाही. मी ती रोज सकाळ-संध्याकाळ पेला भरून प्यायले. माझ्या अंगावर दूध येत नव्हतं.

मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, राहू गावी करायचं ठरलं होतं. आईनं डिंक, अळीव, खारीक सगळं डब्यात भरून ठेवलं होतं. पण रांजणगावला कंपनीत असतानाच पोटात कळा सुरू झाल्या, आणि मला तिथून शिरूरच्या दवाखान्यात नेऊन सिझर केलं. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, एवढासा जीव लांब नेऊ नका, तपासणीला सारखं यावं लागेल. म्हणून मी राहूऐवजी निमोण्याला, सासरी आले. आईचे डबे मागून जीपनं आले.

बाळाला ओढायची ताकद नव्हती. छातीला लावलं की दोन-चारदा तोंड हलवायचं आणि दमून झोपायचं. पंप लावला तर बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. पावडरचं दूध आम्ही बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचो, त्यातलं निम्मं ते उलटून टाकायचं. डॉक्टरांनी पावडर बदलून पाहिली, तरी तेच. आमच्या घरी झेंडू आणि शेवंती तोलायचा काटा आहे. रोज सकाळी फुलांचे क्रेट बाजाराला गेले की त्या काट्यावर दुपटं अंथरून बाळाला ठेवायचं. लाल आकडा जरा नाचायचा आणि कालच्याच जागी येऊन थांबायचा. पुढच्या तपासणीपर्यंत वजन वाढलं नाही तर पुन्हा दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अशा वेळी जग शहाणं होतं. कंपनीतल्या मैत्रिणी, मावश्या, शेजारणी, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, शतावरी. मोबाईलवर तर तिच्या गुणांची रांगच लागली होती. दूध वाढतं, ताकद येते, पित्त शमतं, झोप लागते, बाईच्या सगळ्या तक्रारी जातात. एवढे गुण एका मुळीत असतील तर तिला सरपंच करा, असं मी एका मावशीला म्हणून बसले. मावशींनी पुन्हा फोन केला नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "घ्या की. काहींना फायदा होतो. पण खरं औषध म्हणजे बाळाला सारखं अंगाला लावणं." ते तर मी दिवसभर करत होतेच.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना ना मोबाईल लागत होता ना डॉक्टर. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरं राखणारं. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं त्या कळपामागं हिंडल्या, मग शेतात पाणी आलं आणि मेंढरं जाऊन फुलं आली. कुठल्या ओढ्याला काय उगवतं ते त्यांना झोपेतही सांगता यायचं. पण बाळंतिणीला सोडून त्या कशा जाणार? म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला मुळ्या खणायला पिटाळलं.

नवरा रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. तो तासाभरात पिशवीभर मुळ्या घेऊन आला, त्याही धुऊन, सोलून. आईला त्रास नको म्हणून. घरात त्याचं कोण कौतुक झालं! आत्यांनी मुळ्या वाटल्या, दुधात उकळल्या, वर खडीसाखर घातली. मी प्यायले. आणि खोटं कशाला सांगू, दोन दिवसांत मला छाती भरून आल्यासारखी वाटायला लागली. पोटाच्या टाक्यांपाशी ओढ लागत होती तिलाही मी दूधच म्हटलं. धाकट्या जावेला मी बोलावून सांगितलं, "बघ गं, जड लागतंय की नाही?" ती हात लावून "व्हय ताई, हाय की" म्हणाली.

मुळ्या संपत आल्या तेव्हा आत्यांनी त्याला सहज विचारलं, "कुठनं खांदल्या रं? वड्याच्या पल्याडच्या बोरीखालनं?"

"एवढ्या लांब कशाला? आपल्या शेडनेटखाली हायेत की पट्टीनं."

आत्यांच्या हातातला वरवंटा थांबला. आमच्या शेडनेटखाली शोभेची शतावरी लावलेली आहे. तिच्या मऊ हिरव्या फांद्या गुलाबांच्या गुच्छात घालायला पुण्याच्या बाजारात जातात. बाजाराच्या पावतीवर तेच नाव असतं, म्हणून घरातही सगळे तिला शतावरीच म्हणतात. नवऱ्यानं लहानपणापासून पाहिलेली शतावरी तीच. फुलवाल्याच्या पोराकडून दुसरं काय होणार?

"आरं मुडद्या, त्येला फवारा मारतोस तूच! हिला बाळंतपणात गुच्छ पाजलास व्हय!"

नवरा उभ्या उभ्या पांढरा पडला. त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला, आणि डॉक्टर त्याला जे बोलले ते मला बाहेर अंगणात ऐकू आलं. सुदैवानं मला काही झालं नाही. पुढं हसण्यासारखाच किस्सा होता तो, आणि धाकटी हसलीही. मी नाही हसले. जी छाती दोन दिवस जड वाटत होती, ती आत्यांच्या त्या बोलण्याबरोबर हलकी झाली. म्हणजे तिथं काहीच नव्हतं. माझ्या मनानंच दूध आणलं होतं आणि मनानंच नेलं.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः ओढ्याला गेल्या. हातांवर काट्यांचे ओरखडे घेऊन आल्या, पदरात मातीनं भरलेला मुळ्यांचा घोस. "ही खरी. बघ, काटं बगितलंस का हिचं? फुकट न्हाई देत कुनाला." त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला नाही म्हणवेना. पुन्हा पेले सुरू झाले. या वेळी मी छातीला हात लावून पाहिला नाही.

पेला देताना त्या मेंढरांच्या गोष्टी सांगायच्या. "आटलेल्या मेंढीला आमी हीच चारायचो. चार दिवसांत कास भरायची."

"आणि नाहीच भरली तर?"

"तर कोकरू दुसरीला लावायचं. त्येला काय हुतंय?"

"आत्या, मी मेंढी नाही," मी फाडकन म्हटलं. त्यांनी पेला माझ्यापुढं तसाच धरून ठेवला, मी पिईपर्यंत.

धाकटी जाऊ म्हणजे माझ्या दिराची बायको. तिची पोरगी रांगती, आणि पोरगी रडली की हिचा पदर भिजायचा. शेजारच्या खोलीत माझा मुलगा रडला तरी भिजायचा. ती मग गुपचूप चोळी बदलायला जायची. मला ते दिसायचं. मला तिचा राग यायचा, आणि त्या रागाची लाजही वाटायची. ती माझ्यापेक्षा लहान, बारावीवर थांबलेली, आणि देवानं सगळं तिच्याच अंगात घातलं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असलं काहीतरी मी मनात म्हणायचे, ते तिथं लागू पडत नव्हतं तरी म्हणायचे.

तपासणी जवळ आली. आकडा तिथंच. त्या दुपारी बाळानं बोंडलं तोंडात घेणंच सोडलं. दूध ओठांवरून मानेत ओघळायचं. मी छातीला लावलं तर त्यानं तोंड फिरवलं आणि रडायला लागलं. रडणंही कसलं, मांजराच्या पिलासारखं बारीक. आत्या दारात उभ्या होत्या. नवरा पाळीला गेलेला. धाकटी उंबऱ्याच्या आत आली आणि तिथंच थांबली. म्हणायचं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्याआधी कुणी म्हणणार नव्हतं. मेंढीला निदान कुणी विचारत तरी नाही.

मी बाळ उचललं आणि धाकटीपुढं धरलं. "घे."

"ताई..."

"घे म्हणते ना. डॉक्टर काय म्हणायचंय ते म्हणतील."

ती भिंतीकडं तोंड करून बसली. तिला दूध इतकं की त्याला ओढायची गरजच पडली नाही, नुसतं गिळायचं होतं. ते गिळल्याचे आवाज मला ऐकू येत होते. माझ्या मुलाचं पोट भरत होतं आणि मला आनंद होत होता, खरंच होत होता. आणि मला तिथून उठून कुठंतरी लांब निघून जावंसं वाटत होतं.

तपासणीला डॉक्टर रागावले नाहीत. जावेच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि चालू ठेवा म्हणाले. काट्यावरचा आकडा हलला. मग रोजच हलायला लागला.

त्यानंतरच्या एका सकाळी आत्या शतावरीचा पेला घेऊन खोलीत आल्या. मी सवयीनं हात पुढं केला. त्या माझ्या खाटेपाशी क्षणभर थांबल्या, मग पुढं गेल्या आणि पेला पलीकडं बाळाला पाजत बसलेल्या धाकटीच्या हातात दिला. "पी बाई. दोन लेकरं हायेत आता तुझ्या अंगावर."

त्यांचं चुकलं नव्हतं. मुळ्या थोड्या होत्या आणि त्या जिथं लागतील तिथं द्यायच्या एवढंच त्यांना माहीत होतं. माझा हात तसाच पुढं होता. तो मी गोधडीवर ठेवला.

आत्या वळल्या. इतके दिवस त्यांनी मला चहाला शिवू दिलं नव्हतं, चहानं दूध आटतं म्हणून.

"तुला च्या टाकू का?" त्यांनी विचारलं.

मी टाका म्हणाले. त्यांनी त्यात साखर जरा जास्तच घातली होती.