अक्काचा मालीखोलिया

अक्का माझी थोरली बहीण. आमचं माहेर भडगावचं. ती लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्यात आली आणि मी धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवू लागले. अक्का फार बोलकी. स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षावाल्याच्या सासुरवाडीपर्यंत पोहोचलेली असायची. मी शाळेत असताना तिच्या बोलण्याला कंटाळायचे, पुढे रविवार उजाडला की त्याच बोलण्यासाठी धुळ्याहून बस पकडायचे.

एका उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीचं पीठ शिजून तयार होतं. अक्का मधेच उठली, हात न धुताच खाली आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. बायकांना वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. दाजींनी मला फोन केला. मी गेले, शेजारी बसले, विचारलं, "अक्का, काय व्हयनं?"

"काहीच नही वं," ती म्हणाली. "बठ्ठं शे. पन माले काहीच वाटत नही."

सगळं आहे, पण मला काहीच वाटत नाही. त्या वेळी मला हे वाक्य साधं वाटलं होतं. थकली असेल, असं मी धरून चालले.

मग ज्याला त्याला कारण हवं होतं. मुलगी लग्न होऊन लांब गेली म्हणून? पण तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दाजींचा स्वभाव? दाजी इतके मवाळ की भाजीवाल्यालाही आबा, नाना म्हणून बोलायचे. पहूरच्या एका आत्याबाईंनी कुणीतरी काही केलंय असं सांगून लिंबू-मिरची उतरवली. कारण नसेल, असं मात्र कुणीच म्हणेना.

रिंगरोडवरच्या मनाच्या डॉक्टरांकडे आम्ही वेळेवर गेलो, यात कसूर केली नाही. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि सांगितलं, हे नैराश्य आहे, आणि त्यातही मेलँकोलिक प्रकारचं. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, वाढवल्या. पुढे दवाखान्यात ठेवून विजेचे उपचारही झाले. आषाढात ती जरा उठून बसली, एकदा माझ्या साडीचा रंग चांगला आहे म्हणाली. मी बसमध्ये बसून त्या एका वाक्यावर धुळ्यापर्यंत रडले. पोळ्यापर्यंत ती पुन्हा भिंतीकडे वळली.

शेजारच्या बाईंनी हकीमसाहेबांचं नाव काढलं, ते या सगळ्यानंतर. जुन्या गावात त्यांचा युनानी दवाखाना होता. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, एवढं मी दाजींकडून कबूल करून घेतलं आणि आम्ही तिघं गेलो. हकीमसाहेब वयस्कर, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी अक्काचं मनगट बराच वेळ धरून ठेवलं, जीभ पाहिली, झोपेचं विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बहनजी, ये मालीखोलिया है. सौदा बढ़ गया है."

मी दचकले. हे मी वर्गात दर वर्षी शिकवत होते. प्राचीन ग्रीक वैद्य मानत, शरीरात चार रस असतात, त्यांतलं काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो. हकीमसाहेबांचा सौदा म्हणजे तेच काळं पित्त, आणि त्याच्या ग्रीक नावावरूनच या उदासीला मेलँकोलिया म्हणत. परीक्षेत दोन ओळींची टीप येते. आणि तोच शब्द अरबांच्या ग्रंथांतून, फारसीतून वाट काढत जळगावच्या या खोलीत बसला होता. युरोपातून फिरून आलेला त्याचाच जुळा भाऊ रिंगरोडवरच्या डॉक्टरांच्या तोंडी होता. आणि दोघंही माझ्याच बहिणीविषयी बोलत होते.

मी न राहवून म्हणाले, "हकीमसाहेब, हा ग्रीक शब्द आहे."

ते हसले. "युनान म्हणजे ग्रीसच की. दारावर लिहिलंय आमच्या."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मोठी आशा वाटली. जो शब्द इतकी शतकं टिकला, त्याच्यासोबत काहीतरी औषधही टिकलं असेल, असं मला वाटलं. हकीमसाहेबांनी काढा दिला, डोक्याला लावायला तेल दिलं आणि पथ्य सांगितलं: मसूर नाही, वांगं नाही. वांग्याने सौदा वाढतो.

खानदेशातल्या बाईला वांगं बंद! पूर्वीची अक्का असती तर हकीमसाहेबांशीच भांडली असती. भरताशिवाय हिवाळा कसा काढायचा, असं त्यांनाच विचारलं असतं. तिने नुसती मान हलवली. दाजी त्या वेळी खिडकीबाहेर बघू लागले. काहीही काढून घ्या, हिला चालतं, हे आम्हाला तिथं पहिल्यांदा कळलं.

काढा झाला, तेल झालं. हिवाळा गेला. काही फरक नाही. शेवटी हकीमसाहेबच म्हणाले, "आता येऊ नका. तुमची ये-जा वाया जाते. माझ्या पुस्तकांत याच्यापुढे काही नाही." डॉक्टरही अशाच अर्थाचं बोलले, फक्त त्यांनी पुढची तारीख दिली.

एका रविवारी मी अक्काच्या केसांना तेल लावत बसले होते. बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून मी तिला ग्रीक लोकांचं सांगू लागले. हजारो वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या गावांत अशीच माणसं असायची, न बोलणारी, भिंतीकडे बघणारी. वैद्यांनी त्यांना नीट पाहिलं, लिहून ठेवलं, नाव दिलं. आजही तेच नाव चालतं. अक्काने कितीतरी दिवसांनी आपणहून तोंड उघडलं.

"त्या लोकेसले बी व्हये का हाई?"

"हो अक्का, त्यांनाही व्हायचं."

"मंग त्या बरा व्हयनात का?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तिने इतक्या दिवसांनी काही विचारलं होतं, आणि तिला खोटं सांगवेना. मी म्हणाले, "काही झाले असतील. सगळे नाही."

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुःखाने नाही. मग तिने डोकं माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि कुशीवर वळली. त्यानंतर तिने मला काही विचारलेलं नाही.

आता दाजी स्वयंपाक करतात. ते तिला भरवतात, ती खाते. पदर सरकला तर ते नीट करतात. मुलगी फोन करते, तेव्हा फोन अक्काच्या कानाशी धरला जातो आणि पलीकडून पोरगी एकटीच बोलत राहते. मी अजून रविवारी जाते. संध्याकाळी निघताना दाजी फाटकापर्यंत येतात. मागच्या वेळी म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. आता काय करायचं, ते तरी सांगा."

रिक्षा आली. मी बसले, आणि ते फाटक लावून आत गेले.