आप्पांची साखर आणि अटकपूर्व जामीन

मंडळी, आठवडाभर बिनसाखरेचा चहा पितोय. एवढा जुलूम तर आणीबाणीतही सोसला नव्हता!

कारण शेजारचे आप्पा. आमच्या बेळगावच्या खासबाग भागात लग्नघराला प्रत्येक घर आपली रेशनची साखर देतं. आप्पांच्या लेकीसाठी अशी पोतंभर जमली, आणि साठेबाजी म्हणून पोलिसांनी ती जप्त केली. आप्पांवर जीवनावश्यक वस्तूंचा कायदा! लग्न परवा. अटक झाली तर कन्यादान कोण करणार?

आज बेळगावच्या सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज होता. मागं अख्खी गल्ली रेशनकार्डं घेऊन उभी.

"एवढी माणसं कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

आप्पांची शेजारीण शांताआक्का पुढं झाली. "सायेब, साखर आमची हाय. आप्पाला आत घालनार, तर आमालाबी घाला. पर मग पोरीचं लगीन तुमी लावायचं!"

साहेब खळखळून हसले. जामीन मिळाला.

बाहेर वकील म्हणाले, "आप्पा, साखर अजून जप्तच हाय बरं."

"मग गुळाचे लाडू करू की! गुळाला कुठं रेशनकार्ड लागतंय?"

गल्ली आता गूळ गोळा करतेय. तुमच्यासाठी कोर्टात किती जण उभे राहतील हो?

दिवाळीत आप्पांकडून वाटीभर साखर उसनी आणली होती, ती परत करायची राहिलीच होती. मघाशी गुळाची ढेप त्यांच्या उंबऱ्यावर गुपचूप ठेवून आलो.