सोमवारी छाती आवळते का?

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न असा होता: सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी वाटते का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. भिवंडीतल्या लूमच्या शेडांमधून हिंडत मी हा प्रश्न हिंदीतून ओरडून विचारायचे, कारण लूम चालू असताना ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. समोरचा कामगार हात न थांबवता मान हलवायचा. नाही. मी नाहीच्या चौकोनात खूण करायचे आणि बाराव्या प्रश्नाकडे वळायचे.

मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजातले सर लूम कामगारांच्या छातीच्या आजारावर संशोधन करत होते. त्यांना इथलीच, हिंदी बोलणारी आणि शेडमध्ये शिरायला न बिचकणारी मुलगी हवी होती. मी बी.एस्सी. होऊन घरात बसले होते आणि लग्नाची स्थळं बघणाऱ्या नातेवाइकांचा मला वीट आला होता. पहिल्या दिवशी सरांनी मला फळ्यावर फुप्फुसं काढून दाखवली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की श्वासनळ्या आवळतात. या आजाराची ओळख म्हणजे सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त होतो, मग आठवडाभर हळूहळू कमी होत जातो. सुरुवातीलाच माणूस धुळीतून बाहेर पडला तर श्वास पुन्हा मोकळा होतो. उशीर झाला तर होत नाही. हे सगळं मी वहीत नीट उतरवून घेतलं. अक्कलही बहुतेक त्याच वहीत मिटून ठेवली, कारण पुढचे कित्येक आठवडे ती माझ्या काही कामाला आली नाही.

खरं सांगायचं तर मी हे काम धरलं ते बाबांसाठी. आमचं घर अंजूरला. जमिनीच्या तुकड्यावर मोठ्या काकांनी लूमची शेड टाकली होती आणि बाबा त्याच शेडमध्ये चार लूम चालवायचे. भावाची शेड, त्यामुळे रजा नाही, कुरकुर नाही. त्यांना खोकला होता आणि जिना चढताना दम लागायचा. अंजूरच्या डॉक्टरपासून ठाण्याच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर होतं: बिडी सोडा. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. ते सांगायचे, "मी बिरी पीत न्हाय, डाक्टर," आणि डॉक्टर हसायचे. लपूनछपून ओढत असणार, असं काका म्हणायचे, आईलाही अधूनमधून वाटायचं, आणि शाळेत असताना मी स्वतः त्यांच्या शर्टाचा वास घेऊन बघितला आहे. वास फक्त सुताचा आणि तेलाचा यायचा. तरी मला खात्री नव्हती. आजही हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो.

तर संशोधन चालू होतं आणि फॉर्मवर नाहीच्या खुणा साठत होत्या. सर खूश नव्हते, पण शांत होते. नाही तर नाही, असं ते म्हणायचे. भिवंडीत हा आजार दिसत नाही, हेही एक उत्तरच आहे. कामगारांना खोकला आहे, दम आहे, पण त्याचं कारण तंबाखू किंवा दाटीवाटीची वस्ती असणार, धूळ नव्हे. तसं लिहून आलं की लूमवाल्यांना आयतंच कोलीत मिळणार होतं. आणि बाबा मरेपर्यंत बिडीवाले ठरणार होते.

एका शेडमध्ये आझमगडचे एक वयस्कर कामगार होते. दाढी पांढरी, आणि दाढीवर बसलेली कापसाची धूळ त्याहून पांढरी. मी अकरावा प्रश्न ओरडले तसे ते हसायलाच लागले.

"मंडे को काहे पूछती हो बेटी? शनीचर को पूछो. जुम्मे को छुट्टी, घर में गोश्त पकता है, हम ठूँस के खाते हैं. शनीचर को सीना पकड़ लेता है. खाने की सज़ा है."

मीही हसले. चाचा, कम खाया करो, म्हटलं. आणि सोमवारपुढे नाहीची खूण केली, कारण शनिवारचा चौकोन फॉर्मवर नव्हताच.

त्या आठवड्याच्या शनिवारी मी घरी ओटीवर फॉर्म लावत बसले होते. आई तेलाची वाटी घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघाली. ती दर शनिवारी जायची, बाबांसाठी. तिच्या मते बाबांना शनीची पीडा होती, कारण त्यांची छाती नेमकी शनिवारीच भरायची. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ होतं: शनिवारी बाबांशी वाद घालायचा नाही, शनिवारी त्यांना पोतं उचलायला सांगायचं नाही. शुक्रवारी मात्र तोच माणूस अंगणात पाय पसरून गाणी म्हणायचा.

"आई, थांब," मी म्हटलं. "बाबांना शनिवारीच का होतं?"

"शनीचा वार हाय ना गो," ती म्हणाली, जणू मी दोन आणि दोन किती असं काही विचारलं होतं.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी असते. नमाजाचा दिवस, शिवाय आठवड्याची वीजबंदीही त्याच दिवशी. रविवारी अख्खी भिवंडी खडखडत असते. मी इथे जन्मले, इथे वाढले, शाळेला रविवारी सुट्टी आणि बाबांना शुक्रवारी म्हणून लहानपणी कधी बापाबरोबर पूर्ण दिवस मिळाला नाही, आणि त्याच मी शेकडो माणसांना सोमवारबद्दल विचारत हिंडले होते. सोमवार हा त्यांच्या कामाचा तिसरा दिवस! तोवर छाती रुळलेली असायची. आईला वार माहीत होता, आझमगडच्या चाचांना वार माहीत होता. तिने शनीला बोल लावला, त्यांनी गोश्ताला. वार चुकला होता फक्त आमच्या संशोधनाचा, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्या छापील फॉर्मपेक्षा माझ्यावरच जास्त.

सोमवारी मी सरांच्या खोलीत फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटला. आपटला असंच लिहिते, ठेवला नाही.

"सर, अकरावा प्रश्न चुकलाय. भिवंडीला शुक्रवारी सुट्टी असते. सगळ्यांना शनिवारचं विचारायला हवं."

त्यांनी चष्मा काढला. "हा प्रश्न जगभर असाच विचारतात. मधेच बदलला तर आधीचं सगळं वाया जातं."

"जगभर रविवारी सुट्टी असेल. आमच्याकडे नाही."

"हे बघ, प्रश्न ठरवणं तुझं काम नाही. तू विचारायचं आणि खूण करायची. खाली सह्या राहिल्यात, त्या कर आणि फॉर्म दे."

प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती: वरील माहिती मी स्वतः विचारली असून ती बरोबर आहे. त्याखाली माझी सही. मी म्हटलं, "बरोबर नाही. सही करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"येणार नाही. पण त्याआधी एकदा तुम्ही अंजूरला या. शुक्रवारी या आणि शनिवारी या. तुमचं ते श्वासाचा जोर मोजणारं फुंकायचं यंत्र घेऊन या. माझ्या बापाला फुंकायला लावा. शनिवारी त्याचा बाण मागे पडला नाही तर मी सगळ्या फॉर्मवर सही करते, तीही तुमच्यासमोर."

माझा आवाज चढला होता आणि डोळ्यात पाणी आलं होतं. त्या पाण्याची मला लाज वाटली, म्हणून आवाज आणखी चढवला. सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी विचारलं, "तुझे वडील सिगारेट ओढतात?"

"नाही," मी म्हटलं. ते इतक्या ठामपणे मी पहिल्यांदाच म्हणत होते.

सर आले. मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकून, घामाघूम होऊन, पण आले. शुक्रवारी दुपारी बाबांनी अंगणात यंत्रात फुंकलं. नळीवरचा बाण सरसर पुढे गेला आणि बाबांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. शनिवारी सकाळी कामाला जाण्याआधी फुंकलं, बाण जवळजवळ तिथेच. मग सर बाबांच्या मागोमाग शेडमध्ये शिरले आणि दोन लूमच्या मधल्या बोळात एका खोक्यावर बसून राहिले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांचे केस, भुवया, चष्मा सगळं पांढरं झालं. मोठे काका दारातून दोनदा बघून गेले.

दुपारी चारला बाबा बाहेर आले ते भिंतीला हात लावूनच. सरांनी नळी पुढे केली. बाबांनी सगळा जीव एकवटून फुंकलं. बाण थोडा सरकला आणि थांबला. सरांनी पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा बाण तिथेच. सर खाली बघत स्वतः दोनदा खोकले आणि म्हणाले, "फॉर्म पुन्हा छापू." बाबांकडे वळून त्यांनी हात जोडले. "तुम्ही बिडी ओढत नाही, हे आता कुठलाही डॉक्टर नाकारणार नाही. पण या धुळीत आता एक दिवसही राहू नका. श्वास अजून परत येऊ शकतो. आणखी थांबलात तर येणार नाही."

 रविवारी बाबा कामावर गेले. सोमवारीही गेले.

पुढचे काही महिने मी प्रत्येक शेडमध्ये परत गेले. काही शेठ लोकांनी हाकललं, एकाने आवारात कुत्रं बांधलं, मी तरी गेले. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का? हाँ, शनीचर को. हाँ. हाँ, मगर वो तो जुम्मे के खाने से होता है ना? होच्या खुणा करता करता माझं पेन संपायचं. आझमगडच्या चाचांना मी त्यांचं गोश्त निर्दोष असल्याचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "अल्लाह का शुकर, वरना छोड़ने ही वाला था." ह्या वेळी मी सगळ्या फॉर्मवर सही केली, ठळक.

मी रोज संध्याकाळी घरी येऊन बाबांशी भांडायचे. काल्हेरला गोदामं उठत होती, तिथे रखवालदार हवे होते, मी दोन ठिकाणी बोलूनही आले होते. बाबा नुसते ऐकायचे. एकदा म्हणाले, "मी सुटन गो. न बाकीच्यांचा काय? त्यांना कोन सांगनार हाय?"

म्हणून सरांच्या निष्कर्षांचा कागद तयार झाला तेव्हा मी त्याचा हिंदी मजकूर केला आणि घरी आणला. बाबांनी तो हातात घेतला, घडी केली, आणि मला बरोबर घेऊन भर कामाच्या वेळी शेडमध्ये गेले. दारामागचा मेन स्विच त्यांनी खाली ओढला. सगळे लूम एकदम गप्प झाले. कामगार वीज गेली म्हणून वर दिव्याकडे बघायला लागले आणि बाहेर कुठेतरी बकरी ओरडली तीसुद्धा ऐकू आली. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच न ओरडता बोलले.

मी वाचलं. तुमचा दम बिडीचा नाही, शनीचा नाही, जेवणाचा नाही. या हवेतल्या कापसाचा आहे. मोठे काका धावत आले आणि दारातच उभे राहिले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"दवा क्या है?" एकाने विचारलं.

"इस धूल से दूर रहना," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. एकजण लूममधली सुताची कांडी बघायला वाकला. दुसऱ्याने तोंडावर रुमाल बांधला. मी हातातला कागद घेऊन उभी होते, आणि इतकं खरं शोधून काढूनही त्यांना देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. याचा राग मला त्या दिवशी आला, तो अजून गेलेला नाही.

"झाला तुमचा?" काका म्हणाले. "आता चालू करा."

बाबांनी मेन स्विच वर केला. एकेक जण आपल्या लूमशी गेला, दांडा ओढला, एकेक लूम खडखडायला लागला. बाबांचे चार तेवढे उभे होते. काका त्या बंद लूमकडे बोट दाखवून ओरडले, "न हे कोन चालवनार?"

बाबा दारापर्यंत गेले होते. ते वळले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोठ्या भावावर आवाज चढवला.

"तुजे लूम तू चालव, दादा!"