काचेवर फिरणारी बॅटरी

कॅमेऱ्याची बॅटरी घेताना तुम्ही कंपनीचं नाव पाहता की बॅटरी?

मूल गावच्या बाजारातले फोटोवाले भाऊ नाव वाचतच नसत. दुसऱ्या दिवशी मला वनहक्काच्या ग्रामसभेचे फोटो काढायचे होते, म्हणून मी ओरिजिनलच मागितली. त्यांनी ती आणि एक लोकल बॅटरी काउंटरच्या काचेवर बोटाने फिरवली. लोकल लगेच थांबली. ओरिजिनल भोवऱ्यासारखी फिरत राहिली.

“दुकानात पडून पडून फुगली हे, बाबू, म्हनून फिरते. कॅमेऱ्यात फसन, मंग सभेत काय टाळ्या वाजवशीन?”

महागडी त्यांनी फेकली आणि स्वस्त दिली. सभेत वर झालेला प्रत्येक हात फोटोत आला.

ते दुकान आता नाही, ती काच मात्र आठवते. तुमची बॅटरी आजच काचेवर फिरवा. गरगरली तर नाव न वाचता बाद करा.