तेल प्यालेली काठी

माझी नणंद जागृती हात धुवायला बसली की शेजारणी हसतात. आधी साबण, मग लिंबाची फोड, मग परत साबण, आणि नखांसाठी जुना टूथब्रश. बोईसरच्या बाजारात ती सुकी मासळी विकते. बोंबील, सुकट, करंदी. त्यांचं मीठ तळहाताच्या रेषांत जाऊन बसतं, सहज निघत नाही. पण एवढं धुणं जेवायला बसण्यासाठी नसतं. ते काठीसाठी असतं.

काठी म्हणजे पूल खेळायची काठी. हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर रंगीत बॉल, पांढऱ्या बॉलने त्यांना मारून जाळीत पाडायचं, तो खेळ. आमच्या घिवली गावात हा खेळ कोणाला ठाऊक नव्हता. बाजाराच्या वरच्या मजल्यावर मेहुलभाईंचं पूलचं दुकान आहे. दुपारी बाजार मोडल्यावर जागृती तिथे थंड पाणी भरायला गेली आणि बाटली हातात घेऊन खेळ बघत उभीच राहिली. दुपारी टेबलं रिकामीच असायची. मेहुलभाई म्हणाले, "बघता काय जागृतीबेन, मारून बघा." तिने मारलं. त्यानंतर दुपारचं घरी येणं बंदच झालं. हळूहळू कोथिंबीरवाली आली, बांगडीवाली आली, कंपनीत पॅकिंग करणारी हेमाली आली. सहा-सात बायका दुपारच्या दोन तासांत तिथे अशा हसायच्या की खाली भाजीवाल्यांना ऐकू जायचं.

तारापूरच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन निघाले, त्यांची जुनी काठी तिने घेतली. तिची निगा बघून मला देवघराची आठवण येते. काठीचा पुढचा निमुळता भाग डाव्या हाताच्या बोटांमधून मागेपुढे सरकतो. तिथे घाम, मीठ, टोकाला लावायच्या खडूची निळी भुकटी बसली की लाकूड चिकटतं. चिकटलं की काठी अडखळते, आणि केसभर अडखळली तरी बॉल भलतीकडे जातो. म्हणून खेळ संपला की ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, मग म्यानात. भिंतीला टेकवून ठेवायची नाही, वाकते. उन्हात नाही. कोणाला हात लावू द्यायचा नाही.

"नवऱ्याची पाठ चोळायच्या वयात लाकूड चोळत बसलीय," सासूबाई म्हणतात.

"लाकूड बरं गो आई," जागृती म्हणते. "दारू पिऊन येत नाय."

गेल्या वर्षी गणपतीनंतर मेहुलभाईंनी तोंड पाडून सांगितलं, की आता कंपन्यांची पोरं शिफ्ट सुटल्यावर दुपारीही येतात, टेबलं पुरत नाहीत. दसऱ्यानंतर बायकांची दुपार बंद.

बाकीच्या आपापल्या पिशव्या उचलायला लागल्या. जागृती म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालघरला बायकांची स्पर्धा हाय ना? कप आणला तर?"

मेहुलभाई हसले. "कप आणा, मग कोपऱ्यातलं टेबल दुपारी तुमचं. कायमचं."

"सगळ्यांदेखत बोललात हां भाई."

"बोललो. पण हरलात तर मग रुसायचं नाही."

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. विळी, कोयता, जाळ्याची सुई, होडीची वल्ही, ह्यांचा टेम्पो. हे म्हणजे माझा नवरा निमेश, जागृतीचा थोरला भाऊ. संध्याकाळी जागृती पाटावर आपटा मांडत होती तेव्हा सासूबाईंनी काठीही म्यानातून काढून पूजेला ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मला बरं वाटलं. ज्या वस्तूवर आपलं काही अवलंबून आहे तिला नमस्कार केलाच पाहिजे. मग जागृती आणि मी आरतीची तयारी करायला आत गेलो. पूजेनंतर काठी सासूबाईंनीच परत म्यानात घातली, त्याआधी काय केलं ते कोणीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून हे, जागृती, हेमाली आणि मी पालघरला पोचलो. हॉलमध्ये मुली छान छान कपड्यांत, प्रत्येकीची चकचकीत काठी. जागृतीने म्यान उघडलं आणि पहिल्यांदा वास आला. मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्क माशाच्या, तेलाचा. जुन्या लाकडी होड्यांना पाजायचे ते तेल, सासूबाईंनी बाटली अजून जपून ठेवलीय. काठी टोकापासून मध्यापर्यंत पिवळी, बोट लावलं तर बोट चिकटत होतं.

ह्यांनी तिथूनच आईला फोन लावला.

"मग? लाकूड हाय, तेल पाजायला नको?" सासूबाई पलीकडून ठणकावत होत्या. "तुझ्या बापाच्या होडीला पाजलं म्हणून ती इतकी वर्षं चालली. पोरगी खेळाला निघाली, आमी काय सुकी काठी हातात द्यावी?"

जागृतीने फोन घेतला. मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, "बरं केलंस आई," आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, आता काय करू गो?"

शेजारच्या टेबलावर रूपल नावाची मुलगी होती, पालघरचीच, त्याच्या आदल्या वर्षी कप तिनेच नेलेला. तिने नाकाला रुमाल लावला. "इथे मच्छी मार्केट भरलंय का?"

"भरलंय तर," जागृती म्हणाली. "सांग, काय देऊ? पहिलं गिऱ्हाईक तूच हायस, ताजंच देते."

दोघीचौघी हसल्या. रूपलही हसली, पण रुमाल काढला नाही.

पहिला सामना जागृतीला हॉलच्या काठीने खेळावा लागला. ती काठी वाकडी, तिच्यावर जगभरच्या हातांचा मळ. जागृतीचे सोपे बॉल चुकले. समोरचीचा शेवटच्या काळ्या बॉलबरोबर पांढराही जाळीत गेला, तसं झालं की डाव जातो, म्हणून ही वाचली. असं नशीब परत मिळायचं नव्हतं. मधे दुसऱ्यांचे सामने होते, तेवढा वेळ हातात होता.

आम्ही हॉलबाहेरच्या ओट्यावर बसलो. हेमालीने पर्समधून पावडरचा डबा काढला. काठीवर पावडर ओतायची, ती तेल ओढून पिवळी पडली की पुसायची, परत ओतायची. मी समोरच्या मेडिकलमधून स्पिरिट आणि कापूस आणला. जागृती ओला कापूस एकाच दिशेने ओढत होती, उलट नाही, आणि प्रत्येक बोळा नाकाला लावून बघत होती. हळद निघाली, कुंकू निघालं, चिकटपणा निघाला. पण स्पिरिटने लाकडाचे बारीक केस उभे राहिले. आता ते खरखरत होतं.

"चामडं पायजे," ती म्हणाली आणि भावाच्या कमरेकडे बघितलं.

"नाय हां, जागे," हे दोन पावलं मागे सरकले. "ही पँट सैल हाय."

"दादा, काढ."

पट्टा निघाला. तिने त्याची आतली बाजू काठीभोवती गुंडाळली आणि घासायला लागली, इतकं जोरात की लाकूड गरम झालं. माझा हात तिने त्यावर ठेवला. ताज्या भाकरीसारखं ऊबदार, आणि गुळगुळीत तर इतकं की बोट आपोआप पुढे निघून गेलं. वास थोडा राहिला होता. ती म्हणाली, "राहू दे. आईने लावलाय."

दुसरा सामना तिने बघता बघता संपवला. अंतिम सामना रूपलशी, तीन डावांचा. पहिला जागृतीने घेतला, दुसरा रूपलने. रूपल खरंच चांगली खेळते, उगीच कशाला खोटं बोलू. तिसऱ्या डावात दोघींचा फक्त काळा बॉल उरला, आणि तो लांबच्या कडेला चिकटून बसलेला. जोरात मारला तर उडणार, हळू मारला तर पोचणार नाही. रूपलचा चुकला.

जागृतीने ओढणीच्या टोकाने काठी पुसली. हात पुसला. वाकली. काठी बोटांमधून मागे गेली, पुढे आली, मागे गेली. आवाजसुद्धा नाही. मी केळव्याच्या शितळादेवीचं नाव घेतलं आणि डोळे मिटले, म्हणून तो शेवटचा मार मी पाहिलाच नाही. मला फक्त ऐकू आलं. टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग जाळीत काहीतरी जड पडलं.

डोळे उघडले तर हे दोन्ही हात वर करून ओरडत होते, आणि लगेच एक हात खाली आणून पँट धरत होते. हेमाली मला मिठी मारून रडत होती. रूपल पुढे आली, जागृतीची काठी हातात घेऊन तिने बोट फिरवलं. "काय लावता हिला?"

"मुशीचं तेल," जागृती म्हणाली. "आणि भावाचा पट्टा."

कप टेम्पोच्या पुढच्या काचेशी ठेवून आम्ही आलो. थेट बोईसरला, मेहुलभाईंच्या दुकानात. त्यांनी कपाकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या टेबलावरच्या पोरांना म्हणाले, "उठा रे. दुपार झाली."

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "सांगत होते ना? तेलानेच जिंकली." जागृतीने मान हलवली आणि त्यांच्या पाया पडली.

त्या टेबलाजवळ आता बादली, साबण आणि लिंबाच्या फोडी ठेवलेल्या असतात. कोणीही बाई आली की जागृती आधी तिचे हात बघते. यंदाच्या दसऱ्याला सासूबाईंनी परत काठी पूजेला घेतली. जागृती शेजारीच बसून होती. काठीच्या मागच्या जाड मुठीवर बोट ठेवून म्हणाली, "कुंकू इथे, आई. पुढे नाय." सासूबाईंनी तिथेच लावलं. तेलाची बाटली मात्र जवळ ठेवून होत्या.