त्या ओंडक्यावर बसायचं नाही

काकाजींच्या गॅरेजमध्ये चार खुर्च्या होत्या, एक लाकडी बाक होता आणि दाराजवळ उजव्या हाताला बाभळीचा एक ओंडका होता. खुर्च्यांवर कोणीही बसावं, बाकावर खुशाल पाय पसरावेत, पण ओंडक्यावर बसायचं नाही. एखादं नवखं गिऱ्हाईक चुकून बसलंच, तर काकाजी हातातला पाना खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "उठा गा. ते बसासाठी नाही, पाहासाठी आहे." बिचारा दचकून उठायचा आणि ओंडक्यात पाहण्यासारखं काय आहे ते शोधत राहायचा. दिसायचा तो सालीवरचा हातभर पिवळा पट्टा, बस.

मी नागपुरात सदरमधल्या एका ऑफिसात नोकरी करते. बाबांची जुनी गाडी चढावर दम टाकायला लागली, म्हणून कोणीतरी सांगितलं त्या पत्त्यावर गेले. काकाजींनी बोनेट उघडलंच नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, "चालव." सेमिनरी हिल्सचा चढ चढून उतरून आलो. खाली उतरल्यावर म्हणाले, "गाडीत काही नाही. क्लच अर्धा दाबून चालवतं तू." मग जरा थांबून म्हणाले, "पण वळणावर घाबरत नाहीस. डोळे चांगले आहेत तुझे. तेच खराब आहे." चांगले डोळे खराब कसे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

काकाजी एके काळी मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचे. सावनेरच्या बाजूला एका बंद पडलेल्या खाणीच्या माळावर हिवाळ्यात शर्यत होते. एकेक गाडी सुटते, घड्याळ लावतात, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. सगळा ट्रॅक कोणालाही जमतो. एक वळण सोडून. आधी एक उंचवटा येतो, त्यावर गाडी चढली की समोर नुसतं आभाळ दिसतं. उंचवट्याच्या पलीकडे उतार, आणि उतारातच उजवीकडे वळण. वळण आधी सैल वाटतं आणि मध्येच आवळतं. खाली मुरूम, जमिनीचा कल बाहेरच्या बाजूला, आणि बाहेर खाण. वळण दिसल्यावर ब्रेक मारला तर उशीर झालेला असतो. म्हणजे न दिसलेल्या वळणासाठी ब्रेक मारायचा.

त्या वळणाच्या तोंडाशी एक बाभूळ होती. उंचवट्यावरून तिचा शेंडा तेवढा दिसायचा. शेंडा बोनेटच्या मधोमध आला की ब्रेक, ही काकाजींची खूण. पुढे बुंधाही दिसावा म्हणून त्यांनी त्याच्यावर पिवळा रंग फासला होता. या खुणेवर ते लागोपाठ तीन वर्षं जिंकले आणि हे सगळ्यांना सांगत सुटले. स्वतःची खूण स्वतःच्या तोंडानं जाहीर करणारा माणूस नागपुरातच सापडेल. "मले काय मालूम होतं," ते म्हणायचे, "का लोकं ऐकूनही राहिले म्हणून."

ऐकणाऱ्यांत लकडगंजचे एक शेठजी होते, लाकडं कापायच्या आरा मशीनचे मालक. तेही गाडी पळवायचे आणि तिन्ही वर्षं दुसरे आले होते. या शर्यतीत मागच्या वर्षीच्या विजेत्याची गाडी पहिली सोडायचा मान आहे. चौथ्या वर्षी काकाजी पहिले सुटले. आदल्या संध्याकाळी ट्रॅक पायी पाहून घेतला होता, तेव्हा बाभूळ जागेवर होती. सकाळी सुरुवातीच्या रेषेवरून उंचवट्यापलीकडचं काही दिसत नाही. ते चढावर आले, शेंडा शोधला आणि शेंडा नव्हता. एवढ्या वेळात वळण येऊन गेलं होतं. गाडी तीन कोलांट्या खाऊन खाणीच्या काठाशी थांबली. काकाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंदला, तो पुढे कधी नीट वाकला नाही. "पाय गेला तर गेला," ते म्हणायचे, "पण ब्रेकचाच गेला न." तासाभरानं शर्यत पुन्हा सुरू झाली आणि ट्रॉफी शेठजींनी नेली.

पायापेक्षा लोकांचं बोलणं त्यांना जास्त लागलं. झाड कोणी तोडलं याची चौकशी कोणी केली नाही. उलट, "झाड नव्हतं तर काय ब्रेक नव्हता मारता येत?" असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. चार महिन्यांनी कुबड्या घेऊन काकाजी लकडगंजला गेले. आरा मशीनच्या मागे बाभळीचा एक ओंडका पडला होता, त्यावर पिवळा पट्टा. शेठजी हसून म्हणाले, "माल कुठून कुठून येते, काकाजी, मी काय सगळ्याचं गोत्र इचारतो? पाहिजे तर घेऊन जा. चाकाखाली ओट लावाले कामी पडंल." काकाजींनी तो घेतला, रिक्षात टाकला, आणि गॅरेजच्या दाराशी आणून ठेवला. त्यांना शेठजींचं नुकसान नको होतं. त्यांना हवं होतं एक वाक्य, शेठजींच्याच तोंडून, चारचौघांत.

त्यासाठी त्यांनी एक अजब रिवाज पाळला. दरवर्षी दसऱ्याला धुतलेला शर्ट घालून, आपट्याची पानं घेऊन ते लकडगंजला जायचे. लोक दसऱ्याला वैर विसरतात, हे वैराला पाणी घालायला जायचे. शेठजींच्या हातात सोनं ठेवायचं, गळाभेट घ्यायची आणि गळ्यात हात असतानाच विचारायचं, "शेठ, बाभूळ आली का गा यंदा?" शेठजी म्हणायचे, "आता कुठची बाभूळ." काकाजी मान डोलवायचे, दिलेली सोनपापडी खायचे आणि परत यायचे. एका दसऱ्याला मी सोबत होते. प्रश्न ऐकताना शेठजींच्या हातातली दोन पानं खाली पडली, ती मी पाहिली. वाटेत काकाजी म्हणाले, "पाहिलं न? अजून ओला आहे ओंडका."

मला शर्यतीत उतरवायचं हे त्यांनी ठरवलं, मला कोणी विचारलं नाही. "तुले चालवाचं आहे, मले दाखवाचं आहे," एवढंच. रविवारी कळमन्याच्या बाजाराचा मोकळा कोपरा ओळखीवर मिळायचा. तिथे संत्र्याचे रिकामे क्रेट मांडून ते वळण आखत. उंचवट्यासाठी मुरमाचा ढीग टाकून घेतला होता. आणि माझ्या काचेवर चक्क वर्तमानपत्र चिकटवायचे, वरची बोटभर फट सोडून. एक हमाल बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काकाजी, बाईले आंधळी करून राहिले का गा?" काकाजी म्हणाले, "नाही गा, डोळस करून राहिलो."

त्यांची शिकवण सगळी एका वाक्यात होती आणि ते वाक्य घरी सांगायची सोय नव्हती. "डोळ्याले कोणी बी फसवते," ते म्हणायचे. "बुडाले फसवून दाखव म्हणा." उंचवट्याच्या माथ्यावर गाडी हलकी होते, सीट जराशी खालून निसटते. तेव्हा 'एक' म्हणायचं. मग गाडी परत जड होते, आपण सीटमध्ये दाबले जातो. त्या जडपणावर ब्रेक, आणि तो सोडता सोडता स्टिअरिंग. झाड नाही, दगड नाही, बोर्ड नाही. मी शंभरदा चुकले, क्रेटचा चुरा केला, आणि दर वेळी शेजारून शांतपणे ऐकू यायचं, "पाहिलं न तू? पाहू नोको म्हटलं होतं वं." दमलो की मग तर्री-पोहे. तर्री माझ्या पोह्यांवर ते स्वतः ओतायचे, आणि रडवेपर्यंत ओतायचे.

आता बोर्डाचं सांगते. बाभळीच्या जागी शेठजींनी, आता ते शर्यतीच्या कमिटीत होते, आपल्या दुकानाचा भला मोठा बोर्ड दोन खांबांवर उभा केला होता. त्यांचा मुलगा मोनू गाडी पळवायचा आणि याच बोर्डाचा वरचा काठ पाहून ब्रेक मारायचा. सगळेच मारायचे. मोनू आदल्या वर्षी जिंकलेला, म्हणजे पहिला तोच सुटणार.

शर्यतीच्या सकाळी मी पोचले तेव्हा काकाजी बोर्डाजवळून लंगडत परत येत होते. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, शर्ट घामानं भिजलेला. तेवढ्यात शेठजींची जीप आली. काकाजींनी सब्बल खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं शेठजींना नमस्कार केला, अगदी दसऱ्यासारखा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "काकाजी, बोर्ड सरकवला काय तुम्ही?"

"तू काहून इचारतं? तू तर बोर्ड पाहत नाहीस."

खरं सांगते, मी कोणाला सांगायला गेले नाही. मोनूनं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. पण तो पाय, ते चेंदलेलं हाड, आणि 'ओट लावाले कामी पडंल' हे हसणं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. मी हेल्मेटचा पट्टा आवळत उभी राहिले आणि मनात म्हटलं, जाऊ दे खाणीत. आजही ते आठवलं की मला स्वतःची भीती वाटते, पण लाज वाटते असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मोनूची गाडी रेषेवर आली. झेंडेवाल्यानं हात वर केला. आणि शेठजी, सत्तरीला टेकलेला जड माणूस, दोन्ही हात हलवत गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "उतर! उतर आधी! बोर्ड सरकवला त्यानं!"

"पाहिलं का कोणी?" झेंडेवाल्यानं विचारलं.

"पाहाले कायले पाहिजे? खूण गेली का माणूस सरळ खाणीत जाते! झाडाचा बदला माझ्या पोरावर घेऊन राहिला हा!"

मोनूनं हेल्मेट काढलं. "पप्पा, कोणत्या झाडाचा बदला?"

काकाजी सावकाश पुढे आले. ओरडले नाहीत. "सांगा न शेठ. पोरगं इचारून राहिलं. मीही अठरा वर्षं इचारून राहिलो."

शेठजी बोनेटला धरून उभे होते. "मले वाटलं घसरंल," ते मोनूकडे पाहून म्हणाले. "हारंल एका वर्षी. पाय जाईन असं नव्हतं वाटलं मले. खरंच नव्हतं वाटलं."

त्यांच्या तोंडचं वाक्य असं आलं. शंभरेक माणसांनी ऐकलं, त्यात 'ब्रेक नव्हता मारता येत?' म्हणणारेही होते. मग काकाजी म्हणाले, "आता बोर्ड पाहून या." चार जण धावत गेले. खांबांच्या बुडाशी मागच्या पावसाळ्याचं गवत जसंच्या तसं वाळून उभं होतं. एक काडी हलली नव्हती. काकाजी सकाळी सब्बल घेऊन बोर्डापर्यंत गेले होते आणि जीप दिसेपर्यंत तिथे हवेतच सब्बल वर-खाली करत राहिले होते, घामाघूम होईस्तोवर.

मोनू नंतर सुटला, पण त्याचा त्या बोर्डावरचा विश्वास उडाला होता. उंचवट्याच्या अलीकडेच ब्रेक मारून तो चालत गेल्यासारखा वळला. माझी पाळी आली तेव्हा समोर आभाळ आलं, सीट निसटली, मी मोठ्यानं 'एक' म्हटलं. गाडी जड झाली. ब्रेक. वळण आवळलं तेव्हा मी आधीच त्याच्या आत होते, मुरूम दारावर तडतडत होता आणि खाण कुठे होती ते मी पाहिलंच नाही. मी दुसरी आले. पहिला काटोलचा एक मुलगा आला, त्याचं माझं काही वैर नाही.

संध्याकाळी गॅरेजमध्ये परतलो. मी म्हटलं, "काकाजी, झालं न आता. बसा एकदा त्याच्यावर." त्यांनी ओंडक्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि खुर्ची ओढून घेतली. "बाभूळ लवकर सुकत नाही वं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मोनू गॅरेजवर आला. बोर्ड न पाहता चालवायला शिकवा म्हणाला. काकाजींनी त्याला शिकवलं, काचेवर पेपर लावून, तितकेच टोमणे मारून. मला राग आला होता. मी तसं बोललेही. काकाजी पोह्यांवर तर्री ओतत म्हणाले, "शेठचं पोरगं दर इतवारी माझ्या दारी येते. याच्याहून मोठं काय करू सांग?" दसऱ्याला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. प्रश्न तोच, फक्त आता शेठजी 'कुठची बाभूळ' म्हणत नसत.

मागच्या हिवाळ्यात काकाजी गेले, झोपेतच. त्यांना जवळचं कोणी नव्हतं, म्हणून भेटायला येणारे गॅरेजमध्येच येत आणि मी तिथे बसत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी शेठजी आले. काठी टेकत, दम लागलेला. चारही खुर्च्या भरलेल्या, बाकही भरलेला. एका खुर्चीवर मोनू होता. शेठजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि ओंडक्याकडे वळले, हात टेकून बसायला वाकले.

"शेठजी," मी म्हटलं, "त्याच्यावर नाही."

ते तसेच अर्धे वाकलेले थांबले, मग हळूहळू सरळ झाले. मोनू खुर्चीवरून थोडा उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्या पिवळ्या पट्ट्याकडे, आणि परत खाली बसला. मी उठून माझी खुर्ची देऊ शकले असते. दिली नाही. शेठजी पाऊण तास उभे होते.